जुन्या स्विफ्ट १.३ पेट्रोलची हौशी रॅली कार : कुठून सुरू करावं, काय आधी, काय नंतर?

मोंढा_ते_मुरूम (जालना)

नमस्कार मंडळी. २००८ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, १.३ पेट्रोल, एमएच-२१ पासिंग, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. अपघात नाही, मागचा डावा पत्रा तेवढा रंगवलेला. तिची कच्च्यावर पळवायची गाडी करायचीय. आधी ऑटोक्रॉस (मैदानातल्या आखलेल्या ट्रॅकवर वेळ लावून पळवायची स्पर्धा), पुढं जमलं तर रॅली. ओळखीत एक फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स पण स्वस्तात मिळायलीय, ती घ्यावी का?

गॅरेजवाला म्हणतो आधी इंजिन खोलू, हेड कापू, सायलेन्सर मोकळा करू, केजचं (गाडी उलटली तर माणसं वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) नंतर बघू. मला हे पटंना. केजचा पाइप जालन्यातलाच घेतला तर चालेल का? कोणता आणि किती घ्यायचा? गाडी किती उचलायची? सम्प गार्ड (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचं, म्हणजे सम्पचं कवच) लोखंडी की ॲल्युमिनियमचा? आणि एवढं सगळं करून ती रोडवर चालवता येते का, हेही सांगा.

---

वाळूज_सीओटू (छत्रपती संभाजीनगर)

पॅलिओचा विषय आधी मिटवू. १.६चं इंजिन १०० हॉर्सपॉवरचं, बॉडी दणकट, चालवायला मजा. पण फियाटच्या गाड्या आता इथं विकल्याच जात नाहीत, आणि रॅलीत मोडतं ते लोअर आर्म, हब, ड्राइव्हशाफ्ट. हा माल स्पर्धेच्या आदल्या दिवशी जालन्यात हाताला लागला पाहिजे. स्विफ्टचा लागतो. वर पॅलिओच्या चाकांचा पीसीडी (बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीत) ४×९८ आणि नटाऐवजी बोल्ट. स्विफ्टचा ४×१००, म्हणजे डिझायर-रिट्झची चाकंही चालतात. स्विफ्टच ठेवा.

तुमच्या गाडीत जी१३बीबी इंजिन आहे, १२९८ सीसी, ८७ हॉर्सपॉवर. हौशी माणसाला पहिल्या वर्षी तेवढं पुष्कळ. गॅरेजवाल्याचा क्रम उलटा आहे. केज नसलेली गाडी स्पर्धेआधीच्या तांत्रिक तपासणीतच परत पाठवतात, मग मोकळा सायलेन्सर घेऊन काय करायचं?

बॉडीपासून सुरुवात करा. मराठवाड्यातली गाडी असल्याचा इथं फायदा आहे, कोकणातल्या गाडीसारखी ती गंजून पोखरलेली नसते. पण काळ्या मातीचा चिखल सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) आत आणि चाकांच्या कमानीत भरून बसतो, पाणी निघायची भोकं बुजतात, आणि पत्रा आतून सडतो. सगळं इंटिरियर काढा, कार्पेटखालचं डांबरी शीट हीट गन आणि पटाशीनं सोला (थंडीतल्या पहाटे ते कडक होतं, ठोकलं की ढलप्या निघतात), मग सिल, मागच्या बीमच्या जागा आणि पुढच्या स्ट्रट टॉवरचा (शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं टोक बसतं त्या पत्र्याचा) वरचा भाग स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा. पेचकस आत गेला तर तिथं केजचा पाय उभा करू नका. आधी पत्रा कापून नवा लावा.

आता पाइप. जालन्याचं स्टील म्हणजे रोलिंग मिलची सळई, केजसाठी तिचा उपयोग नाही. फर्निचर-गेटचा ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला) पाइप तर अजिबात नको. पाहिजे तो कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेला, बिनशिवणीचा), दुकानात सीडीएस म्हणतात तो. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) परिशिष्ट जे, कलम २५३ प्रमाणे मुख्य हूप (सीटमागची मोठी कमान) ४५ मिमी बाहेरचा व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५०×२.०. बाकीचे पाइप ३८×२.५ किंवा ४०×२.०. ताणशक्ती किमान ३५० मेगापास्कल, कार्बन जास्तीत जास्त ०.३ टक्के. बिलासोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या, आणि व्हर्नियरनं पाइपच्या दोन्ही टोकांना जाडी मोजा. २.५ सांगून २.३ हातात पडतो.

स्विफ्टला ४५चा एक सहा मीटरचा तुकडा आणि ३८चे चार तुकडे घ्या. वजनाचा हिशेब : ४५×२.५ मीटरला २.६ किलो, ३८×२.५ मीटरला २.२ किलो. मुख्य हूपला साधारण साडेतीन मीटर, बाकी वीसेक मीटर. पायांच्या प्लेटा धरून केज साठ किलोच्या आसपास जाते.

मुख्य हूप एकसंध पाहिजे, मध्ये कुठं जोड नाही. वाकवताना मध्यरेषेवरची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ४५ला १३५ मिमी. वाकलेल्या जागी पाइप चपटा झाला, लहान-मोठ्या व्यासाचं गुणोत्तर ०.९च्या खाली गेलं, की तो तुकडा भंगारात. म्हणून वाळू भरून, गॅसनं तापवून वाकवायच्या फंदात पडू नका. वाळूज-चिकलठाण्यात सायलेन्सर आणि पाइपचं काम करणाऱ्या युनिटांकडं मॅन्ड्रेल बेंडिंग मशीन असतं. फक्त ४५ची डाय आहे का ते पाइप घ्यायच्या आधी विचारा. डाय ५०ची असेल तर ५०×२.० घ्या, नियमात बसतं.

पाय : बॉडीवर किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंमीची प्लेट वेल्ड करायची. तिच्यावर हूपचा पाय एम-८, ८.८ ग्रेडच्या किमान तीन बोल्टांनी. मागच्या आधारांना ६० चौरस सेंमी आणि दोन बोल्ट चालतात. प्लेट सपाट फ्लोअरवर नुसती ठेवू नका. सिलच्या उभ्या पत्र्यावर एल आकारात चढवली तर जोर दोन दिशांना वाटला जातो, नाही तर गाडी उलटल्यावर हूप फ्लोअर फाडून खाली उतरतो.

वेल्डिंग सीओटूनं (वायू आणि तारेच्या मशीननं), ०.८ मिमीची तार. प्रत्येक जोड माशाच्या तोंडासारखा घासून असा बसवा की फट १ मिमीच्या आत राहील. फट जास्त असली की वेल्डर ती मालानं भरतो, वरून जोड छान दिसतो आणि आत पकड नसते. जोड चहूबाजूंनी पूर्ण पाहिजे. इथंच नवखे अडकतात, कारण छताला चिकटलेल्या पाइपाची वरची बाजू टॉर्चला सापडत नाही. उपाय जुना आहे : पायांच्या जागी फ्लोअरला गोल भोकं पाडायची, केज टॅक करून (ठिपक्यांपुरती जोडून) त्या भोकांतून शंभर-दीडशे मिमी खाली सोडायची, वरचे जोड पूर्ण करायचे, मग वर उचलून खाली प्लेटा लावायच्या.

सुरू करण्याआधी त्याच पाइपाचा टी-जोड करून करवतीनं उभा कापा आणि आत किती खोल पकडलंय ते बघा. दुपारी व्होल्टेज पडतं तेव्हा मशीन तीच सेटिंग दाखवतं आणि पकड कमी देतं, म्हणून केजचे जोड सकाळी उरका. बॅटरी काढा, ईसीएमचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) सॉकेट काढा, काचांवर ओलं गोणपाट टाका. ठिणगी काचेत रुतली की डाग कायमचा.

---

बालाघाट_खडी (बीड)

केजवर वरच्यांनी सगळं सांगितलं, एक भर घालतो : हेल्मेट लागेल अशा प्रत्येक पाइपावर एफआयए मान्यतेचं कडक पॅडिंग पाहिजे. एसीच्या पाइपाचा काळा फोम दिसायला तसाच असतो, पण डोकं आदळल्यावर त्याचा शून्य उपयोग.

सस्पेन्शन. स्विफ्टला मूळ ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. लोकं स्पेसर टाकून दोन-दोन इंच उचलतात, ते करू नका. २०-२५ मिमीच्या वर गेलात की ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो, बूट फाटतो, ग्रीस गळतं, आणि मुरमाची धूळ आत गेली की जॉइंट थोड्याच दिवसांचा सोबती. उंचीपेक्षा डॅम्परवर (शॉक ॲब्सॉर्बरवर) पैसा घाला. साधा डॅम्पर सलग खड्ड्यांवर तापतो, तेलात फेस येतो, आणि दहा-बारा किलोमीटरच्या स्टेजच्या (रॅलीतल्या वेळ मोजायच्या टप्प्याच्या) शेवटी गाडी होडीगत डुलते. गॅस भरलेले मोनोट्यूब घ्या. स्प्रिंग मूळपेक्षा २५ ते ४० टक्के कडक, बम्प स्टॉप नवे आणि लांब. फक्त स्प्रिंग कडक करून डॅम्पर जुनाच ठेवलात तर चाक जमिनीवर टिकत नाही, नुसतं उडतं.

स्ट्रटचे वरचे माउंट, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय-रॉड एंड हे सगळे कंपनीचे नवे टाका. पॉलियुरेथेन बुश पुढं कधी तरी. अलाइनमेंटला पुढं कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) उणे १ ते उणे १.५ अंश, टो (चाकांची पुढून आत-बाहेर वळण) शून्य. स्ट्रट टॉवरला टाके-वेल्ड करायचं असेल तर २५ मिमी वेल्ड, ५० मिमी मोकळं असं, तेही तुमच्या गटात परवानगी असेल तरच. सलग रेघ ओढली की पत्रा कडेनं ठिसूळ होऊन तिथंच चिरतो.

टायर : रॅलीचे ग्रॅव्हल टायर घेताना व्यासाचा हिशेब करा. तुमच्या व्हीएक्सआयला १६५/८० आर१४ येतात, व्यास साधारण ६२० मिमी. १७५/६५ आर१४ घातले तर ५८३. म्हणजे उचललेल्या २५ मिमीपैकी अठरा तिथंच गेले, फक्त गिअरिंग तेवढं खाली येतं. १८५/६५ला ५९६ पडतात, ते बरे. याहून रुंद नकोत, मुरमावर रुंद टायर वर तरंगतं, अरुंद टायर खाली कडक थरापर्यंत कापत जातं. हवा २८ ते ३० पीएसआय. २२-२४ला पकड वाटते खरी, पण बेसॉल्टची धारदार खडी लागली की टायर रिमवर चिमटून फाटतं. चाकं लोखंडी घ्या, वाकलं तर ठोकून सरळ होतं, अलॉय तडकतं. नट एम-१२×१.२५, टॉर्क ८५ न्यूटन-मीटर, नवी चाकं लावल्यावर पाच-दहा किलोमीटरनं परत तपासा.

सम्प गार्ड ३ मिमी लोखंडी, संपला. कुठंही मिळतो, कुठंही वेल्ड होतो.

---

गोदाकाठ_२६ (नांदेड)

गार्डवर मी सहमत नाही. ३ मिमी लोखंडी पत्रा मोठ्या दगडावर आत दबतो आणि दबलेलाच राहतो. सम्पला टेकला की प्रत्येक धक्का थेट सम्पला. ४ मिमी घेतला तर चौरस मीटरला ३१ किलो, तेही सगळं नाकावर. ६ मिमी ॲल्युमिनियम १६ किलो, आणि ते दगडावरून घसरतं. फक्त ग्रेड विचारून घ्या, ५०८३ किंवा एचई-३०. भांड्यांच्या मऊ पत्र्याचा गार्ड केला तर तो कागदासारखा दुमडेल.

पत्र्यापेक्षा बसवण्याला महत्त्व जास्त. गार्ड पुढं बम्परखाली वर वळलेला पाहिजे, सपाट कडा पुढं ठेवली तर ती नांगरासारखी जमिनीत घुसते. सम्प आणि गार्डमध्ये १५-२० मिमी जागा. बोल्ट चेसिसच्या रेलवर, एम-१०, डोकं पत्र्यात बुडवलेलं. मागची बाजू मोकळी ठेवा. ती बंद केली की इंजिनची गरम हवा खाली निघत नाही, आणि पावसात काळा चिखल आत साठून दगड बनतो. फ्लोअर आणि पेट्रोल टाकीखाली ८ मिमी एचडीपीई (टणक प्लॅस्टिक) शीट पुरे.

मडफ्लॅपसाठी खडी क्रशरचा जुना कन्व्हेअर बेल्ट कापून लावायची इकडं पद्धत आहे. आत कापडाचे थर असल्यामुळं तो वाकत नाही. रिव्हर्स घेताना चाकाखाली आला की बम्परसकट उपटून निघतो. ४ मिमीचं लवचीक पॉलियुरेथेन शीट लावा.

ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या फ्लोअरखालून काढून गाडीच्या आतून न्या. ब्रेक ऑइल डॉट-४ : कोरडं २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ला. म्हणून प्रत्येक स्पर्धेआधी नवं. मागचे ड्रम दर वेळी उघडून धुवा. त्यांत मुरमाचं पीठ बसतं, लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात, आणि हँडब्रेक ओढला तरी मागची चाकं अडकत नाहीत. वळणावर गाडी फिरवायला नेमकं तेच लागतं.

---

बालाघाट_खडी (बीड)

वजनाचं मान्य. पण ॲल्युमिनियम फाटलं तर बीडमध्ये टिग वेल्डिंग (ॲल्युमिनियम जोडायचं) करणारा शोधत बसावं लागतं, लोखंडी पत्रा कोणीही रॉडनं जोडतो. ऑटोक्रॉसपुरता लोखंडी लावा, रॅलीला जायच्या वेळी बदला.

---

मोंढा_ते_मुरूम (जालना)

लै उपयोगी माहिती. ॲल्युमिनियमच करतो. आता वायरिंग, किल स्विच (गाडीची सगळी वीज एकदम तोडणारा) आणि इंजिन. खरंच हातच लावायचा नाही का इंजिनला? आमच्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री असतं. आणि रोडचं कोणीच बोललं नाही.

---

फ्यूज_उडाला (परभणी)

हात लावायचा, पण ताकदीसाठी नाही. हेड कापलं की कम्प्रेशन वाढतं, आणि असल्या उन्हात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके) सुरू होतं. आधी कम्प्रेशन टेस्ट घ्या, चार सिलिंडरांत १ बारपेक्षा जास्त फरक नको. ठीक असेल तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. तुमच्या इंजिनला बेल्ट आहे, चेन नाही. तो कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललाच नाही असं धरा.

इकडचे मिस्त्री गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. तो काढू नका. तो नसला की इंजिन चालू तापमानाला उशिरा येतं, ईसीएम तोवर पेट्रोल जास्त पाजतं, प्लग काळे होतात. तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा रेडिएटर असतो : पुढून सोयाबीनचा भुसा, कापसाचे तंतू, धूळ, आतून बोअरच्या पाण्याचे क्षार. नवा रेडिएटर, ५० टक्के कूलंट, ५० टक्के डिस्टिल्ड पाणी, पुढं बारीक जाळी. जाळी झटकन काढून झटकता येईल अशी लावा. फॅनला वेगळा रिले आणि हाताचा स्विच द्या, म्हणजे स्टेज संपल्यावर उभ्या गाडीत फॅन चालू ठेवता येतो.

उघडा कोन फिल्टर लावू नका. बॉनेटखालची गरम हवा आणि धूळ दोन्ही ओढतो. मूळ डबा, कागदी फिल्टर, डब्याच्या झाकणाचं रबर शाबूत. फिल्टरनंतरच्या पाइपात बोट फिरवा. मातकट लागलं तर गळती आहे, आणि तीच धूळ पिस्टन रिंगा खाते.

किल स्विच दोन टर्मिनलचा स्वस्त घेऊ नका. बॅटरी तोडली तरी इंजिन चालू असेल तर आल्टरनेटर त्याला वीज देत राहतो आणि गाडी बंदच होत नाही. वर व्होल्टेजचा झटका बसून ईसीएम जाऊ शकतो. सहा टर्मिनलचा घ्या. त्यात बॅटरी, इग्निशन आणि आल्टरनेटरसाठी ३ ओहमचा रेझिस्टर असे वेगळे संपर्क असतात. बेल्ट बांधलेल्या स्थितीत ड्रायव्हर आणि नेव्हिगेटर (शेजारी बसून रस्ता सांगणारा) दोघांचा हात तिथं पोचला पाहिजे, आणि बाहेरून ओढायची केबल काचेच्या खालच्या कोपऱ्यात, निळ्या त्रिकोणात लाल विजेच्या खुणेसह. त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंमी.

पेट्रोल आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) आहे आणि तुमची गाडी त्याच्या आधीची. इंजिन लगेच बसत नाही, पण जुने रबरी पाइप फुगतात, तडकतात. सगळे रबर पाइप एसएई ३०आर९ दर्जाचे नवे टाका. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी अर्धी नको, पूर्ण भरलेली ठेवा. इथेनॉल ओलावा ओढतं आणि पाणी तळाशी बसतं.

---

वाळूज_सीओटू (छत्रपती संभाजीनगर)

सीट-बेल्टचं राहिलं. सीट एफआयए ८८५५-१९९९ची, एकसंध शेलची. मागं झुकणारी दिसायला रेसिंग सीट नको. सीटवरची तारीख बघा, मान्यता पाच वर्षांची असते. ऑनलाइन स्वस्तात मिळते ती बहुधा मुदत संपत आलेली. सीटचा ब्रॅकेट ३ मिमी लोखंडी, प्रत्येक सीटला एम-८, ८.८चे किमान चार बोल्ट, आणि फ्लोअरखाली पट्टी. बेल्टचे खांद्याचे पट्टे केजच्या आडव्या पाइपावरून, सीटच्या वरच्या कडेपासून मागं उतरताना आडव्या रेषेशी १० अंशांच्या आसपास. ४५च्या पुढं कधीच नाही, नाही तर अपघातात तेच पट्टे मणका दाबतात. कमरेचा पट्टा हाडावर, पोटावर नाही.

तुमच्या बजेटमध्ये सगळं एकदम बसणार नसेल तर माझा क्रम असा : केज, सीट-बेल्ट-हेल्मेट, गार्ड आणि कूलिंग, डॅम्पर, टायर. इंजिन सगळ्यात शेवटी. आणि पाइप कापायच्या आधी एफएमएससीआयचे (भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचे) त्या वर्षीचे नियम आणि तुमचा गट वाचा. केज कुठल्या नमुन्याची, काय काढायला परवानगी, किमान वजन किती, सगळं त्यात असतं आणि वर्षागणिक बदलतं.

---

उदगीर_घाट (लातूर)

रोडचं मी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही म्हटलंय की आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. वेल्ड केलेली केज, काढलेल्या मागच्या सीट, प्लॅस्टिकच्या खिडक्या घेऊन गाडी जालना-संभाजीनगर रोडवर पळवायची नाही. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच दाखवेल. शिवाय २००८ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं उलटून गेली. आरसीचं नूतनीकरण झालंय का बघा. झालं नसेल तर फिटनेस तपासणी गाडी मूळ अवस्थेत असतानाच करून घ्या, खोलल्यावर ती पास होत नाही. चेसिस नंबर कोरलेला भाग रंगाखाली किंवा प्लेटखाली घालवू नका, तपासणीत तोच शोधतात.

टीएसडी रॅलीत, म्हणजे वेळ-वेग-अंतराच्या स्पर्धेत, भाग घ्यायचा असेल तर ती चालू रोडवरच होते. तिथं मूळ अवस्थेतली गाडीच न्या. नेव्हिगेटर तयार व्हायला ती चांगली.

स्पर्धेची गाडी न्यायला चौदा फुटी आयशर पुरतो, स्विफ्टची लांबी ३६९५ मिमी आहे. मोंढ्यातल्या नाही तर बाजार समितीच्या धक्क्यावरून सरळ आत चढवता येते, रॅम्प लागत नाही. पण उतरवायच्या ठिकाणी धक्का आहे का ते आधी विचारा. गाडी १६९० मिमी रुंद, आत दार उघडत नाही, चालवणाऱ्याला खिडकीतून निघावं लागतं. म्हणून दाराची जाळी त्या दिवशी लावू नका. पट्टे चारही चाकांवरून टाकून फाळक्याच्या कड्यांना आवळा. लोअर आर्मला दोरी बांधून ओढली तर दीडशे किलोमीटरच्या हादऱ्यांत तुमची अलाइनमेंट बसल्या जागी बिघडते.